तुरट तिसरा गिअर

किंमत सांगायच्या आधीच आप्पांनी विचारलं, "ब्लॉक बिडाचा हाय का ॲल्युमिनियमचा?"

मी जपानात, सायतामातल्या एका छोट्या दुकानासमोर उभा होतो. फोनच्या पडद्यावर कोल्हापुरातलं आमचं स्वयंपाकघर दिसत होतं आणि आप्पा चष्मा कपाळावर सरकवून माझ्या मागची पांढरी गाडी न्याहाळत होते. ऑक्टोबर २०२४. इथे सकाळचे दहा वाजले होते, म्हणजे तिकडे साडेसहा. आईने चहा टाकलेला होता.

"ॲल्युमिनियमचा, आप्पा. आतले लायनर बिडाचे."

"मग बॉनेटला हात लावून बघ आधी. गरम असंल तर त्यानं मुद्दाम चालू करून ठेवलीया. आज बघूच नकोस, उद्या जा."

बॉनेट गार होतं. रात्रीचं दव अजून कडेला साचलेलं होतं.

आप्पांनी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत ३१ वर्षं काढली. आधी मोल्डिंग, मग कोअर शॉप, शेवटची काही वर्षं तपासणी. किती सिलिंडर ब्लॉक आणि हेड त्यांच्या हाताखालून गेले असतील याची मोजदाद नाही. स्वतःची गाडी त्यांनी कधी घेतली नाही, चालवायलाही शिकले नाहीत. पण वाळूच्या साच्यात ओतलेलं बीड कुठे थबकतं, कुठे हवेचा फुगा धरतं, निवताना कुठे तडकतं, हे त्यांना बोटांनी कळायचं. संध्याकाळी घरी आले की शर्टाला जळक्या वाळूचा वास असायचा. मला गाड्यांचं वेड लागलं ते त्या वासापासून. गाडी रस्त्यावर धावायच्या आधी कुणाच्या तरी हातात असते, हे मला फार लवकर कळलं होतं.

तर गाडी. होंडा इंटेग्रा टाइप आर, २००५ सालची, ९२ हजार किलोमीटर चाललेली. सगळं धरून २३८ मान. जपानी माणूस दहा हजाराला 'मान' म्हणतो आणि मोठे आकडे त्यातच मोजतो. २३८ मान म्हणजे २३ लाख ८० हजार येन, आपल्या रुपयांत १३-१४ लाख. एवढ्या पैशांत इथे नवीकोरी हायब्रिड दारात येते. मग १९ वर्षांची दोन दारांची गाडी कशाला, असं बायकोने एकदाच विचारलं. नंतर ती दुकानात आली, पुढची सीट सरकवून मागे वाकली, मुलीची सीट तिथे बसते का ते पाहिलं, आणि म्हणाली, "बसते. घे. वीस वर्षं ऐकतेय मी हे नाव."

वीस नाही, पण पंधरा तरी वर्षं झालीच असतील. कॉलेजात असताना एका मित्राच्या थोरल्या भावाकडे होंडा सिटी होती, दीड लिटरची व्हीटेक. पन्हाळ्याच्या चढावर त्याने एकदा दुसरा गिअर ताणून धरला आणि एका ठरावीक जागी इंजिनाचा सूर बदलला. आवाज वाढला असं नव्हे, गाणाऱ्याने पट्टी बदलावी तसा बदलला. त्या रात्री मी घरी येऊन आप्पांना विचारलं की असं कसं होतं. त्यांनाही माहीत नव्हतं. मग मीच कुठून कुठून वाचून काढलं आणि त्यांना जेवणाच्या पाटावर बसून समजावून सांगितलं. कॅमशाफ्टवर झडपा उघडणारे दोन प्रकारचे उंचवटे असतात, एक शांत चालीसाठी आणि एक धावण्यासाठी. इंजिन जोरात फिरायला लागलं की तेलाच्या दाबाने एक छोटी पिन सरकते आणि झडपा त्या मोठ्या उंचवट्याच्या ताब्यात जातात. जास्त उघडतात, जास्त वेळ उघड्या राहतात. आप्पांनी ताटातल्या भाकरीचा तुकडा मोडायचा थांबवला आणि विचारलं, "पिन केवढी?" मला अजून तो प्रश्न आवडतो.

टाइप आर म्हणजे होंडाने याच विद्येचा शेवटपर्यंत केलेला पाठपुरावा. १९९२मध्ये एनएसएक्सपासून ही मालिका सुरू झाली, १९९५मध्ये इंटेग्रा आली, १९९७मध्ये सिव्हिक. माझी ती २००१मध्ये आलेली पुढची इंटेग्रा, गाडीवेडे जिला डीसी-फाइव्ह म्हणतात. दोन लिटरचं इंजिन, टर्बो नाही, तरी ८,००० आरपीएमला २२० अश्वशक्ती. २००६मध्ये तिचं उत्पादन थांबलं. तिचा पांढरा रंग अगदी शुभ्र नाही, किंचित सायीकडे झुकणारा आहे. १९६५मध्ये मेक्सिकोत होंडाने फॉर्म्युला वनची पहिली शर्यत जिंकली त्या गाडीच्या रंगावरून तो आला. नाकावरचं लाल चिन्हही तिथलंच. सावलीत उभी असली तर ही गाडी मला ताज्या लोण्यासारखी दिसते.

ती सापडायला मात्र अकरा महिने गेले.

जपानात जुनी गाडी घेणं आपल्याकडच्यापेक्षा वेगळं आहे आणि त्याचं मुख्य कारण शाकेन. सरकारी तपासणी. नव्या गाडीला पहिल्यांदा तीन वर्षांनी, मग दर दोन वर्षांनी. ब्रेक, दिवे, धूर, खालचा सांगाडा, सगळं बघितलं जातं, आणि त्या निमित्ताने गाडी दर दोन वर्षांनी कुणाच्या तरी लिफ्टवर चढतेच. प्रत्येक गाडीबरोबर सर्व्हिसची एक वही असते. कुठे काय बदललं, किती किलोमीटरला बदललं, कुणी बदललं, तारखांसकट. वही असलेली गाडी आणि वही हरवलेली गाडी यांच्या किमतीत फरक पडतो.

दुसरा कागद लिलावाचा. दुकानांतल्या पुष्कळ गाड्या व्यापाऱ्यांच्या लिलावातून येतात. चिबा प्रांतातल्या नोदा गावी यूएसएस या लिलाव कंपनीचं मोठं आवार आहे, तिथे दर गुरुवारी हजारोंच्या संख्येने गाड्या विकल्या जातात. आपल्यासारख्या गिऱ्हाइकाला तिथे प्रवेश नाही, पण विनंती केली तर काही दुकानदार लिलावाचा तो कागद दाखवतात. एका कोपऱ्यात गाडीचं उलगडलेलं चित्र असतं आणि त्यावर बारीक अक्षरांत खुणा. 'ए' म्हणजे ओरखडा, 'यू' म्हणजे पोचा, 'डब्ल्यू' म्हणजे रंगाखाली केलेली दुरुस्ती, पुढे आकडा म्हणजे किती मोठी. वर उजवीकडे एकूण गुण. साडेचार म्हणजे उत्तम, 'आर' म्हणजे सांगाड्याला मार बसून दुरुस्त झालेली. मी तो कागद पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा मला पत्रिका आठवली. घरं, ग्रह, आणि ज्याला वाचता येतं त्याला दिसणारा गेलेला काळ.

पण कागदावरच विसंबून मी एकदा फसणार होतो. चिबामधल्या एका दुकानात अशीच पांढरी इंटेग्रा होती, किंमत बरी, 'दुरुस्तीचा इतिहास नाही' असं ठळक लिहिलेलं. विक्रेता हसतमुख, चहा आला, करार पुढे आला. आप्पांनी मला एकच गोष्ट सांगून ठेवली होती: "बोल्टाचं डोकं बघ. रंग खोटं बोलतोय, बोल्ट न्हाई." कारखान्यात गाडी जोडली जाते तेव्हा फेंडरचे बोल्ट अंगाच्या रंगाबरोबरच रंगतात. त्यांना पुन्हा पाना लागला की कोपऱ्यांवरचा रंग उडतो. त्या गाडीच्या पुढच्या डाव्या फेंडरच्या तिन्ही बोल्टांचे कोपरे उघडे पडले होते. रेडिएटरच्या वरची पट्टी उजवीकडच्यापेक्षा डावीकडे नवी दिसत होती. मी विचारलं. "तसं आमच्या ऐकिवात नाही," असं उत्तर आलं. दोनदा विचारलं, दोनदा तेच. मी वाकून नमस्कार केला आणि निघालो. परतीच्या ट्रेनमध्ये मला राग कमी आणि वाईट जास्त वाटत होतं. या देशात मी नऊ वर्षं कागदावर डोळे मिटून विश्वास ठेवत आलो होतो.

म्हणून सायतामात आलो तेव्हा फोन चालू ठेवला होता.

दुकानाचा मालक साठीपुढचा, निळ्या अंगरख्यात. एकट्याचं दुकान असलं तरी इथे मालकाला शाचो, म्हणजे कंपनीचा अध्यक्ष, म्हणतात. मी आप्पांची ओळख करून दिली, "हे वडील, इंजिनाचं ओतकाम करायचे," तर शाचो फोनसमोर कमरेत वाकले. आप्पांनी तिकडून हात जोडले. मग मी किल्ली फिरवली आणि फोन इंजिनाच्या डोक्याशी धरला.

पहिली काही सेकंद इंजिन चढ्या आवाजात धावलं, मग हळूहळू खाली आलं. वरून टकटक ऐकू येत होती, शिवणयंत्रासारखी.

"टॅपेट वाजायलेत," मी म्हणालो. मला काळजी वाटली होती.

"वाजू दे. वाजणारं टॅपेट बरं. गप्प झालं की झडप जळती." मग बराच वेळ ते ऐकत राहिले. आईने मध्ये काही विचारलं तर तिला हाताने थांबवलं. "खालनं काय न्हाई. बेअरिंग चांगलंय. चालवून बघ."

इथल्या दुकानांत पुष्कळदा चालवून बघायला मिळत नाही, कारण आवारातल्या गाडीचं शाकेन संपलेलं असतं आणि ती रस्त्यावर आणणंच बेकायदा. हिचे दोन महिने उरले होते. शाचो शेजारी बसले. भाताच्या कापणी झालेल्या शेतांमधून जाणारा सरळ रस्ता होता. पहिला, दुसरा, आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकताना हाताला काहीतरी लागलं. सुपारी अडकित्त्यात धरल्यावर तुटायच्या आधी जो क्षणभर अडेलपणा मुठीला कळतो, तसं. आधी नकार, मग बारीक कर्र, मग गिअर आत.

मी काही बोलायच्या आधी शाचो म्हणाले, "सान-सोकु, शिबुइ."

सान-सोकु म्हणजे तिसरा गिअर. शिबुइ म्हणजे तुरट. काकी नावाचं जपानी फळ कच्चं खाल्ल्यावर जीभ जशी आखडते, जास्त उकळलेला हिरवा चहा जसा लागतो, ते शिबुइ. आपल्याकडे आवळा किंवा कच्चं केळं. पण जपानी माणूस हा शब्द सरकत नसलेल्या ड्रॉवरला लावतो, जड झालेल्या कुलपाला लावतो, आणि झगमगाट टाळून केलेल्या, उशिरा आवडू लागणाऱ्या सुंदर वस्तूलाही लावतो. नऊ वर्षांत मी तो शब्द चहासाठी ऐकला होता, कपड्यांसाठी ऐकला होता. गिअरसाठी पहिल्यांदा.

या गिअरबॉक्सचा तिसरा गिअर नाजूक, हे मला वाचून माहीत होतं. दोन वेगवेगळ्या वेगांनी फिरणारी चाकं एकमेकांत शिरायच्या आधी त्यांचे वेग जुळवणारं सिंक्रो नावाचं कडं असतं. घाईने, ताकदीने गिअर टाकत राहिलं की ते झिजतं. तेल गार आणि घट्ट असलं की झीज जास्त जाणवते. शाचोंनी सांगितलं, दहा मिनिटं गाडी हळू चालवा, तेल गरम होऊ द्या, मग तो अडत नाही. पूर्ण बरा करायचा तर गिअरबॉक्स उतरवावा लागेल, ३० मानपर्यंत खर्च येईल. आत्ताच करा असं मी म्हणणार नाही.

दुकानात परत आल्यावर त्यांनी सर्व्हिसची वही काढली. आधीच्या मालकाच्या नावाचं पान कापून टाकलेलं होतं, इथे ती रीतच आहे. एवढंच कळलं की पहिल्यापासून एकच मालक, आणि वय झालं म्हणून त्यांनी आपला परवाना पोलिसांकडे स्वतःहून परत केला. दर ५,००० किलोमीटरला तेल. टायर, ब्रेक पॅड, बॅटरी, सगळं नोंदलेलं. आणि २०१९च्या एका पानावर समासात पेन्सिलीने, बारीक, सरळ अक्षरांत: तिसरा, थंड असताना, शिबुइ. म्हणजे शाचोंनी शब्द तिथूनच उचलला होता.

करारावर त्यांनी तो दोष स्वतःच्या हाताने लिहिला आणि मला वाचून दाखवला. मी तिथेच हो म्हणालो. आप्पांना तुरटचा अर्थ सांगितला तेव्हा त्यांना शब्द फार पटला. "बरोबर हाय. आमच्याकडं पण साचा कोरडा झाला की पोरं म्हणायची, वाळू तुरट झालीया." हे मी ३८ वर्षांत त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, "इकडं कधी आणणार?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं, आणि तो गाडीबद्दलचा नाही हेही. भारतात तीन वर्षांपेक्षा जुनी वापरलेली गाडी बाहेरून आणता येत नाही. ही इंटेग्रा कधीच पुणे-बंगळूर रस्त्यावर धावणार नाही, पन्हाळा चढणार नाही. मी तसं सांगितलं. आप्पा म्हणाले, "अस्सं." आणि चहा घेतो म्हणून उठले.

नऊ वर्षं आम्ही इथे अर्ध्या बांधलेल्या बॅगेनिशी राहिलो आहोत. 'दोन वर्षांनी परत' असं दर दोन वर्षांनी म्हणत आलो. फर्निचर घेताना मोडून ठेवता येईल असं घेतलं, पुस्तकं पेटीतून पूर्ण काढलीच नाहीत. माझं चारचाकीचं स्वप्नसुद्धा मी 'तिकडे गेल्यावर' या खणात ठेवलेलं होतं. सोबत न्यायला येणारच नाही अशी ही पहिली मोठी वस्तू मी घेत होतो. आप्पांना ते माझ्याआधी समजलं.

आणि गंमत अशी की या देशानेही ही गाडी देताना मला तू इथलाच आहेस ना, हेच परत परत विचारलं.

परवाना त्या मानाने जुनी गोष्ट. कोल्हापूरच्या परवान्याचं भाषांतर करून फुचूच्या परवाना केंद्रात मी २०१९मध्ये परीक्षा दिली होती. ऑटोमॅटिकवर द्या, सोपं जातं, असं ऑफिसातल्या सगळ्यांनी सांगितलं. मी दिली असती तर परवान्यावर 'फक्त ऑटोमॅटिक' अशी ओळ आली असती आणि आज ही गाडी मला चालवता आली नसती. तिसऱ्या खेपेला पास झालो. दुसऱ्यांदा मी डावीकडे वळायच्या आधी गाडी डाव्या कडेला पुरेशी चिकटवली नव्हती; सायकलवाला मध्ये शिरू नये म्हणून ते करायचं असतं. तो धडा मी अजून रोज पाळतो.

गाडी नावावर करायला नोंदणी केलेला शिक्का लागतो, जित्सुइन. नुसती सही चालत नाही. कासाईतल्या एका शिक्केवाल्याने माझं आडनाव जपानी काताकाना लिपीत लाकडावर कोरून दिलं. ८ मिलिमीटरपेक्षा मोठा आणि २५पेक्षा लहान, असा नियम. वॉर्डाच्या कार्यालयात तो कागदावर उमटवून नोंदवला, ३०० येनला दाखला मिळाला. लाल शाईच्या डबीत शिक्का टेकवून, थोडा दाबून, श्वास रोखून उचलला तेव्हा मला आमची आजी आठवली. तलाठ्यासमोर अंगठा उमटवताना ती असाच श्वास धरायची, आणि नंतर पदराला शाई पुसत बराच वेळ त्या ठशाकडे बघायची. माझं नाव इतकी वर्षं इथल्या कार्डांवर छापलेलं होतं. उमटवलं मी पहिल्यांदाच.

मग शाको शोमेइ, गाडी उभी करायला जागा असल्याचा पोलिसांचा दाखला. १९६२च्या कायद्याने तो आवश्यक झाला. घरापासून सरळ रेषेत दोन किलोमीटरच्या आत जागा दाखवावी लागते. निशि-कासाईत आमच्या इमारतीपासून चार मिनिटांवर महिना २२ हजार येनला एक चौकोन मिळाला. पोलिसांना द्यायचा नकाशा हाताने काढायचा होता: घर, जागा, मधलं अंतर, जागेची लांबी-रुंदी, समोरच्या रस्त्याची रुंदी. मुलगी शेजारी बसून रंगीत पेन्सिली पुरवत होती. मी टेप घेऊन रस्ता मोजला, ५ मीटर ४०. आपण रोज ज्या रस्त्याने जातो त्याची रुंदी आपल्याला माहीत असावी, हे मला फार आवडलं. हा कायदा मला मनापासून पटतो. रस्ता चालणाऱ्यांचा आहे, आणि गाडी घेणाऱ्याने तिचं ओझं आधी स्वतःच्या अंगावर घ्यावं. दाखल्याबरोबर मिळालेला गोल स्टिकर मी मागच्या काचेवर लावला. एप्रिल २०२५पासून ते स्टिकर बंद झाले, माझा शेवटच्या काहींपैकी असेल.

विम्याचा हप्ता ज्यावर ठरतो त्या वीस पायऱ्यांपैकी सहावीवर मी सुरुवात केली, पहिल्यांदा विमा घेणारे सगळेच तिथून करतात. आणि कराबद्दल एक तक्रार नोंदवतोच. दोन लिटरपर्यंतच्या या गाडीचा वार्षिक कर ३९,५०० येन, पण १३ वर्षं उलटली म्हणून मला ४५,४०० भरावा लागतो. नवी गाडी कमी धूर सोडते हे खरं. पण एका माणसाने १९ वर्षं जपलेली वस्तू मोडीत काढून नवी बनवण्यात किती बीड, किती ॲल्युमिनियम, किती कोळसा जातो, ते फाउंड्रीच्या दारात वाढलेल्या माझ्यासारख्याला सांगायला नको. एकीकडे हा कर आणि दुसरीकडे परदेशी गिऱ्हाईक. अमेरिकेत २५ वर्षं पूर्ण झालेली गाडी आयातीच्या कडक नियमांतून सुटते, त्यामुळे एकेक जपानी मॉडेल त्या वयाला पोचलं की बंदरावर रांगा लागतात आणि इथल्या किमती चढतात. डीसी-फाइव्हची पाळी २०२६ची. शाचो म्हणाले होते, "तुम्ही नेलीत तर ती निदान इथेच राहील." परदेशी माणसाला त्यांनी हे म्हणावं, याचं मला तेव्हा काही वाटलं नाही. रात्री झोपताना वाटलं.

नंबरच्या वेळी त्यांनी विचारलं, आवडीचा आकडा हवा का. इथे चार आकड्यांपर्यंत निवडता येतो. ४२ आणि ४९ने संपणारे नंबर मागितल्याशिवाय देत नाहीत, उच्चारात मरण आणि यातना डोकावतात म्हणून. मी नुसता ९ मागितला. शाचो जरा थांबले. नऊचा उच्चारही दुःखाशी जुळतो. मी सांगितलं, माझ्या गावच्या गाड्यांवर एमएच-०९ असतं. त्यांनी मान हलवली आणि लिहून घेतलं. प्लेटवर वर 'आदाची', आमचा वॉर्ड ज्या नोंदणी कार्यालयाखाली येतो त्याचं नाव. खाली तीन ठिपके आणि ९. मागच्या प्लेटच्या डाव्या बोल्टवर ॲल्युमिनियमची छोटी टोपी, सरकारी मोहोर, तिच्यावर तोक्योचं पहिलं अक्षर. मुलगी ते बोटाने गिरवत बसली.

पूजा आम्ही त्या भाड्याच्या चौकोनातच केली. हळद-कुंकू, बॉनेटवर स्वस्तिक, चाकांखाली चार लिंबं. नारळ फोडायला जमीन नव्हती, म्हणून बायकोने घरून पोळपाट आणि टॉवेल आणला, त्यात फोडला आणि पाणी चाकांवर शिंपडलं. शेजारच्या चौकोनातल्या आजोबांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, तुम्ही कावासाकी दाइशीला गाडी घेऊन जाता ना, तसंच. त्या देवळात गाड्यांच्या प्रार्थनेसाठी वेगळं सभागृह आहे, त्यांना लगेच कळलं. त्यांनीही हात जोडले. खोबऱ्याचा तुकडा घेऊन गेले.

पहिल्यांदा लांब गेलो ते बोसो द्वीपकल्पात. पंपावर पिवळ्या नळीचं हाइओकु, म्हणजे उंच ऑक्टेनचं पेट्रोल, मानतान, म्हणजे टाकी भरून. तातेयामा एक्स्प्रेसवेवर चढायच्या उतारावर तेल गरम झालं होतं, पुढे-मागे कुणी नव्हतं. दुसरा गिअर तसाच धरला. चार हजार, पाच हजार, आणि ६,०००ला ती पिन सरकली. पन्हाळ्याच्या चढावरचा तो सूर, पण कितीतरी भरघोस, छातीत शिरणारा. आठ हजारांपर्यंत काटा गेला तरी वेग शंभराच्या आतच होता, म्हणजे कायद्यातही बसलं. बायकोने दाराची कडी धरली होती आणि ती हसत होती. मागून मुलगी ओरडली, "मोइक्काइ!" पुन्हा एकदा.

पुढे ओयामा सेनमाइदाला थांबलो. डोंगराच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं आहेत, पलीकडे समुद्राचा वास. कापणी होऊन गेली होती, खुंटांमध्ये नवी हिरवी पालवी फुटलेली. राजापूरच्या मावशीकडे दिवाळीनंतर गेल्यावर असंच दिसायचं. गाडी गार होताना धातूचा टिक-टिक आवाज करत होती आणि आम्ही तिच्या सावलीत बसून दशम्या खाल्ल्या.

मार्चअखेर आई-आप्पा आले. विमानतळावरून घरी आले, जेवले, झोपले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला आप्पा स्वेटर, कानटोपी घालून दाराशी उभे. "चल. गार आहे तोवर."

बाहेर सहा-सात अंश तापमान होतं. मी बॉनेट उघडून दिलं. लाल रंगाच्या झाकणावरून त्यांनी तळवा फिरवला, मग ब्लॉकच्या कडेने जिथे बोट पोचेल तिथे. ओतकामाची जोडरेषा त्यांनी लगेच शोधली आणि तिच्यावरून नख नेलं. काही बोलले नाहीत. मग डाव्या सीटवर बसले. ती सीट खोल, दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारी, त्यांना आत उतरायला माझा हात लागला.

गाडी हळू काढली. नदीकाठचा रस्ता मोकळा होता, चेरीच्या फांद्यांवर जेमतेम कळ्या उघडत होत्या. पहिला, दुसरा. मी तिसऱ्याकडे हात नेला तसा आप्पांनी आपला उजवा हात माझ्या हातावर ठेवला. रुंद, खरखरीत तळवा, भाजल्याच्या जुन्या खुणांचा.

"थांब," ते म्हणाले.

आम्ही दुसऱ्यातच जात राहिलो. एक पूल गेला, एक शाळा गेली. त्यांनी डोळे मिटले होते. लिव्हरमधून येणारी थरथर माझ्या हातातून त्यांच्या हातात जात होती आणि ते ती ऐकत होते.

"अजून न्हाई."

दुसरा पूल आला. तापमानाचा काटा मध्यावर येऊन स्थिरावला होता. सिग्नल हिरवा झाला, मी पुन्हा निघालो, पहिला, दुसरा, आणि माझ्या हातावरचा दाब किंचित वाढला.

"आता टाक."